येथे थांबू

१२ सप्टेंबर

दादा,

पत्राच्या सुरुवातीला साष्टांग नमस्कार लिहायचा असतो. पण पोट इतकं सुटलंय की आठही अंगं एकदम जमिनीला टेकत नाहीत, तेव्हा उभ्यानेच नमस्कार घे. वहिनीलाही सांग.

फोन करून पाहिला. तू माझा नंबर अडवून ठेवलायस, हे मला ठमीने समजावून सांगितलं. नाहीतर मी बापडा आजवर समजत होतो की तुझ्या घरी कोणी ना कोणी कायम फोनवर बोलत असतं. म्हणून पत्र. रागावलेल्या माणसाला पत्रच बरं, मध्येच खाली ठेवलं तरी ते तिथेच पडून राहतं.

बातमी अशी की आपला जुना हमरस्ता आता ऐतिहासिक झाला. हसू नकोस. बोगद्याचा नवा रस्ता झाला, रस्ते खात्याचा साहेब म्हणून तू जुन्यावरून ट्रक बंद केलेस, आणि नंतर त्याला कुत्रंही विचारेना. त्याच रस्त्याच्या तोंडाशी आता दगडी पाटी बसवली आहे, 'ऐतिहासिक मार्ग'. जुन्या मोटारी बाळगणारी हौशी मंडळी शहरातून येतात, गाडी पुसतात, फोटो काढतात, पुन्हा गाडी पुसतात. आपलं भोगून झालं की ते लोकांना बघायला आवडतं.

दुसरी बातमी जास्त मोठी. ठमी परत आली आहे. तिला ठमी हे नाव तूच ठेवलंस, तिचं खरं नाव आता कॅमेऱ्याच्या पिशवीवर तेवढं उरलंय. शहरात लग्नांचे फोटो काढून कंटाळली. म्हणते, 'बाबा, तुम्हाला रस्ता ठाऊक आहे आणि मला उजेड. आपण दोघं मिळून सहली काढू.' आपल्या हॉटेलापासून घाटमाथ्यापर्यंत जुन्या गाड्यांची रांग, मध्ये थांबे, प्रत्येक थांब्यावर तिने फोटो काढायचे. जमलं तर राहीन, नाही जमलं तर जाईन, असंही सांगून ठेवलंय तिने. हट्टीपणात ती तुझ्यावर गेली आहे, माझ्यावर नाही.

थांबे ठरवायचं काम माझं. पहिला आपलंच हॉटेल. अण्णांचं गल्ल्याचं टेबल पुसून दारात मांडलंय, ज्याला हवं त्याने कोपर टेकून मालक व्हावं. मग तो मैलाचा दगड, ज्यावरचं अंतर कधीच खरं नव्हतं. तूच म्हणायचास, खात्याने दगड आधी कोरला आणि रस्ता नंतर मोजला. पुढे कमानीचा पूल. तिथला फोटो पुलावर उभं राहून नाही, खाली ओढ्यात उतरून घ्यायचा, म्हणजे कमानीच्या वर गाडी नेमकी बसते. बंद पडलेला जकात नाका, त्याचा आडवा बांबू मी नवा करून घेतला. आणि ते वळण, जिथून रस्त्याचे तीन मजले एकाखाली एक दिसतात आणि जिथे तुला लहानपणी हमखास गाडी लागायची.

राहिला शेवटचा थांबा. खरं तर त्याबद्दलच लिहायचंय, उगाच ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू.

तुटक्या कड्याखाली तू बोर्ड लावला होतास. 'येथे थांबू नये'. लांबून दिसलं पाहिजे म्हणून अक्षरं मोठी हवीत, असा तुझा हट्ट होता. तेवढी मोठी अक्षरं एका फळीवर मावेनात, म्हणून 'येथे थांबू' वर राहिलं आणि 'नये' खालच्या फळीवर गेलं. तर ती खालची फळी वाऱ्याने कुठे गेली देव जाणे. आता नुसतं 'येथे थांबू' उरलंय. वर काळा कडा, समोर दरी, आणि मध्ये कोणी प्रेमाने सुचवल्यासारखं, येथे थांबू. तरुण मंडळी वेडी झालीत. हातात हात घालून खाली उभी राहतात. ठमी म्हणते, सहलीचं नावच हे ठेवायचं.

कडा सुटलाय, असं तू त्या वेळी लिहून दिलंस. त्यावर काय काय झालं ते मी पुन्हा उगाळत नाही. अण्णांना पोचवून आलो त्या दिवशी, तू त्यांच्या पोटावर पाय दिलास, असं मी चार माणसांत बोललो. ते तू विसरला नाहीस आणि मीही नाही. पण इतकी वर्षं झाली, त्या कड्याने कोणाचं वाकडं केलं नाही. तेव्हा एवढंच सांग, आता तिथे थोडा वेळ थांबायला हरकत नाही ना? लांबलचक नको. हो किंवा नाही, एवढं पुरे.

तुझा धाकटा


२४ सप्टेंबर

दादा,

उत्तर नाही. ठीक आहे. मूग गिळून बसण्यात तुझा हात कोण धरणार? अण्णा म्हणायचे, 'मोठ्याला काही विचारलं आणि तो गप्प बसला, तर ते हो समजावं. नाही म्हणायचं असेल तर तो घर डोक्यावर घेतो.' आठवतं? मौन म्हणजे संमती, हे आपल्या घरात तुझ्यामुळेच आलं.

काल ठमीला घेऊन सगळे थांबे पाहून आलो. मी गाडी चालवत होतो आणि ती खिडकीतून अर्धी बाहेर. तिला सारखं वाटतं उजेड पळून चाललाय. पुलाखाली ओढ्यात गुडघाभर पाण्यात उभी राहिली आणि मला वरून गाडी मागेपुढे करायला लावली. 'बाबा, थोडं पुढे. फार झालं. मागे. आता हलू नका.' लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिच्या आईनेही मला असं नाचवलं नव्हतं. मला मजा आली. खूप दिवसांनी कोणीतरी माझ्याशी त्या रस्त्यावर हसत होतं.

कड्याखाली पोचलो तर रस्त्यावर बारीक खडी पडलेली. हाताच्या मुठीएवढे दोनचार दगडही. वाऱ्याने येत असेल. ठमीने विचारलं तर म्हटलं, माकडं टाकतात. झाडू घेऊन मी सगळं कठड्यापलीकडे लोटलं, फोटोत घाण नको.

तू कड्यावर लोखंडी जाळी ताणून बसवली होतीस ना, तिला पोट आलंय. चांगलं माझ्याएवढं. तू पूर्वी मला गाडी थांबवून दाखवायचास, 'जाळीचं पोट बघ, मग कड्याचं मन कळतं.' मी तेव्हाही हसायचो. काल तिला पाहून एवढंच म्हटलं, बाई, तूही बसून खाल्लेलं दिसतंय.

आणि त्या फटीतून झिरपणारं पाणी, ज्याने आपण बाटल्या भरायचो, ते आता गढूळ येतं. तुझ्या माहितीसाठी सांगतोय. विशेष काही नाही.

ठमीला जागा फार आवडली. उजेड तिथे उशिरा उतरतो, पण उतरला की कड्याचा काळा दगड निळा दिसतो म्हणे. तिने ठरवलंय की प्रत्येक गाडीने तिथे आलटूनपालटून उभं राहायचं. गाड्या येतील, जातील, पण ती मात्र सकाळभर तिथेच राहणार, कारण फोटो तिलाच काढायचेत. हे मी तुला मुद्दाम लिहितोय. बाकीचे थोडा वेळ, ठमी सगळा वेळ.

परत निघताना तिने बोर्डाकडे पाहून विचारलं, 'हा पहिल्यापासून असाच होता? खात्यातल्या माणसांना इतकं छान सुचलं?' रस्ता बंद झाला तेव्हा ती शाळेत होती, बोर्ड काय बघणार. मी म्हटलं, हो, असाच होता, तुझ्या मोठ्या बाबांनीच लावलाय. ती एकदम खूश झाली. म्हणाली, 'मोठे बाबा असे आहेत, हे तुम्ही मला कधी सांगितलंच नाही.'

तर असं आहे. तुझी अब्रू वाढवून ठेवली आहे. आता तरी लिही.

धाकटा


७ ऑक्टोबर

दादा,

रस्ते खात्यात जाऊन आलो. तुझ्या खुर्चीत आता ठमीच्या वयाचा एक साहेब बसतो. स्वभावाने गोड आहे, चहा विचारतो. टेबलावर काच नाही, तुझ्या वेळी होती, तिच्याखाली तू ठमीचा फोटो ठेवला होतास.

सगळे थांबे त्याला पसंत पडले. कड्याशी येऊन मात्र अडला. म्हणाला, 'हा भाग बंद करणारे साहेब, त्यांचं आडनाव तुमचंच आहे.'

'सख्खा मोठा भाऊ,' मी म्हटलं.

'मग त्यांनाच विचारू या की. मी नवीन आहे. त्यांचं मत असेल तर मला बरं पडेल.'

'विचारलंय मी.'

'काय म्हणाले?'

आता इथे मी काय सांगायला हवं होतं? दोन पत्रं गेली. तुझी एक ओळ नाही. तू घर डोक्यावर घेतलं नाहीस. मी म्हटलं, 'त्यांची काही हरकत नाही.'

त्याने मान डोलावली आणि परवानगी दिली. दादा, तुझ्या नावावर माणसं अजून डोळे मिटून सही करतात. मला अभिमान वाटला.

तुझ्या नावाने हो सांगून आलोय हे तुला कळायला हवं म्हणून लगेच लिहायला बसलो. तुला चुकीचं वाटत असेल तर अजून वेळ आहे. तू एक ओळ लिही, मी त्याच्यापुढे जाऊन कान धरतो.

इकडे तयारी जोरात आहे. सहा गाड्या पक्क्या झाल्या. त्यातली पहिली एका मिशीवाल्या म्हाताऱ्यांची. मिशी अशी की गाडीच्या आधी तीच घाट चढेल. लग्न झाल्यावर बायकोला घेऊन ते याच रस्त्याने गेले होते, तेव्हा कॅमेरा नव्हता. आता त्यांना बोर्डाखाली बायकोबरोबर फोटो हवाय. बायको म्हणते, 'तेव्हा मागितला असतात तर मी बरी दिसले असते.' ते म्हणतात, 'तेव्हा तू मला उभं तरी केलं असतंस का?' दिवसभर असं चालतं. माणसं लाख आहेत.

आपला पंक्चरवाला तेवढा विचित्र वागला. त्याला म्हटलं, सामान घेऊन कड्याखाली बसून राहा, जुन्या गाड्या आहेत, चाकं बसतील. तर म्हणतो, 'शेठ, पुलावर बसतो. नाक्यावर बसतो. तिथे नाही.' का, तर सांगेना. जास्त पैसे देतो म्हटलं तर हवा भरायचा पंप उचलून चालता झाला. घाबरट आहे, दुसरं काय.

ठमीची आई माझ्याशी धड बोलत नाही. तुझं नाव काढलं की भांडी आपटते, हे जुनंच. पण आता एकच धोशा लावलाय, 'आधी ती फळी जागेवर नेऊन लावा.' कसली फळी ते सोड. बायकांना घरातल्या प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली लागते.

खडी रोज पडते. मी रोज पहाटे ठमीच्या आधी जाऊन झाडून येतो. व्यायाम होतो.

लिही रे.

धाकटा


१९ ऑक्टोबर

दादा,

येत्या रविवारी निघायचं आहे. हे पत्र मी शहरात जाणाऱ्या माणसाबरोबर पाठवतोय, म्हणजे उद्यापर्यंत तुझ्या हातात पडेल. तू ज्याच्याकडून हे घेशील त्याच्याकडे नुसतं 'नको' म्हणालास तरी मला पोचेल.

कालपासून पाऊस लागलाय. ही काय पावसाची वेळ आहे? पण ठमी खूश. ओल्या रस्त्यात गाड्यांचं प्रतिबिंब पडतं म्हणे, पैसे देऊनही मिळत नाही असा रस्ता. रविवारी ऊन पडेल असंही तिला खात्रीने वाटतं. तिने कड्याखालच्या थांब्यावर खुर्च्या आणि चहाची व्यवस्था केली आहे. माणसं रेंगाळली पाहिजेत, रेंगाळलेल्या माणसाचा चेहरा खरा असतो, हे तिचं म्हणणं. ऐकून बरं वाटतं.

मी खरं लिहितो. मला भीती वाटते. आज सकाळी झाडायला गेलो तर झाडण्यासारखं नव्हतं, दोघांनी उचलावे असे दगड होते. मी एकटाच होतो. पहारीने एकेक करून कठड्यापलीकडे ढकलले. शेवटचा दरीत गेला तेव्हा आवाज बराच वेळ येत राहिला. ती झिरप आता तांबडी झाली आहे. कड्याच्या डोक्यावरचं ते एकटं झाड रस्त्याकडे झुकलंय, पूर्वी ते सरळ होतं की नाही ते मला नक्की आठवत नाही. तुला आठवत असेल.

मग थांबवत का नाहीस, असं तू म्हणशील. ठमीला काय सांगू? तिच्या तोंडावर किती वर्षांनी असं तेज आलंय. परवा हॉटेलच्या ओट्यावर बसून म्हणाली, 'बाबा, मी आता कुठे जात नाही.' दादा, हे वाक्य ऐकायला मी किती वाट पाहिली ते मलाच माहीत. आता तिला म्हणू, बाई, तो थांबा नको, तुझ्या मोठ्या बाबांचं तेव्हा बरोबर होतं? मग ती विचारेल, हे तुम्हाला आज कळलं का. फळीचंही सांगायचं होतं तुला. राहू दे.

तू सांगितलंस तर मी थांबवेन. तुझ्या शब्दावर. शिव्या दे, नालायक म्हण, बापाचं नाव काढ, पण लिही. नाहीच काही आलं तर तुझा आशीर्वाद आहे असं समजून निघतो.

तुझाच


२८ ऑक्टोबर

दादा,

या वेळी पोस्टकार्ड घेतलीत. अक्षर बारीक केलं तरी मजकूर तीन कार्डांत जाईल, वर आकडे घातलेत, त्या क्रमाने वाच. पोस्टकार्ड फोडावं लागत नाही. ते न वाचता परत करता येत नाही, कारण हातात घेतलं की दोन शब्द डोळ्यांत जातातच. पोस्टमन वाचेल, वहिनी वाचेल. वाचू दे.

रविवारी सकाळी ठमी पाच गाड्या घेऊन पुढे गेली. सहावी सुरू होईना म्हणून मी हॉटेलात मागे राहिलो होतो. तेवढ्यात वहिनीच्या भाच्याने पुडकं आणून दिलं. माझी चारही पत्रं. एकही फोडलेलं नाही. वर वहिनीची चिठ्ठी, 'यांनी तुमचं अक्षर बघितलं की पाकीट तसंच कपाटात टाकतात. मला परत करायला सांगितलं. रागावू नका.'

म्हणजे तू हो म्हणाला नव्हतास. तू काहीच म्हणाला नव्हतास. तुला कोणी विचारलंच नव्हतं. मी एकटाच प्रश्न विचारत होतो आणि एकटाच उत्तर देत होतो, आणि ते उत्तर तुझ्या नावाने साहेबाच्या टेबलावर ठेवून आलो होतो.

मी गाडी काढली. कड्याखाली फोन लागत नाही हे तुला माहीत आहे. पोचलो तेव्हा चार गाड्या निघून पुढे वरच्या वळणावर लागल्या होत्या. बोर्डाखाली मिशीवाल्यांची गाडी. ते एकटेच उभे होते, बायको शाल आणायला गाडीपलीकडे गेली होती. ठमी कठड्याला टेकून कॅमेरा लावत होती. ऊन पडलं होतं, दगड निळा दिसत होता, तिने सांगितलं होतं तसाच. मी खिडकीतूनच ओरडलो, 'निघा, सगळे निघा.' म्हातारे निघाले. खरंच निघाले होते. ठमी म्हणाली, 'आजोबा, एकच राहिला. बाबांचं काही ऐकू नका, त्यांना नेहमी घाई असते. हलू नका.' ते हसले आणि मिशी नीट करून परत जागेवर गेले.

जाळी फाटल्याचा आवाज आधी आला. नंतरचं मला सलग आठवत नाही. म्हातारे गेले. त्यांच्या बायकोला खरचटलंसुद्धा नाही. ती अजून शाल हातात धरून बसलेली असते, सोडत नाही. ठमीचा डावा पाय मांडीपासून मोडलाय, दोन शस्त्रक्रिया झाल्या. पाय राहील असं डॉक्टर म्हणतात. मी इथे दवाखान्यात तिच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसून लिहितोय.

ती जागी झाल्यापासून एकच बोलते. 'मी थांबवलं त्यांना. ते निघाले होते, मी थांबवलं.' आईने समजावलं, नर्सने समजावलं. ती ऐकत नाही. जागा मी निवडली, खुर्च्या मी मांडल्या, हलू नका मी म्हटलं, असं ती भिंतीकडे तोंड करून म्हणत राहते. काल म्हणाली, 'बाबा, तुम्ही तरी आला होतात सांगायला.' तिने माझा हात धरला होता. दादा, मी तो सोडवून घेतला नाही. मी तिच्याकडून माफी मागून घेतली आणि गप्प बसलो. एवढा नीच मी कधी नव्हतो.

म्हणून हे उघड्या कार्डावर लिहितोय. 'नये' वाऱ्याने गेलं नाही. फळी खिळ्यातून निसटली, तेव्हा खात्याचा मुकादम ती आपल्या हॉटेलात घेऊन आला आणि म्हणाला, 'शेठ, तुम्ही जवळ आहात, तेवढी ठोकून टाका.' मी हो म्हटलं. ती मी स्वयंपाकघरात उलटी करून मांडणीला लावली. तिच्यावर कपबश्या आहेत. आधी आळसाने राहिली. मग लोक बोर्डाखाली थांबायला लागले, येता-जाता आपल्याकडे चहा प्यायला लागले, आणि मग मी ती मुद्दाम ठेवली. ठमीच्या आईला माहीत होतं, ती रोज सांगत होती. ठमीला माहीत नव्हतं. तिने विचारलं तेव्हा मी खोटं बोललो आणि वर तुझं नाव घेतलं. तिने निवडलेली जागा मी तिच्यासाठी आधीच झाडून ठेवलेली होती.

आणि तुला विचारत होतो तेही खरं विचारणं नव्हतं. तू हो म्हणाला असतास, तर तेव्हाचं तुझं चुकलं असं ठरलं असतं. अण्णा उगाच खचून गेले, हॉटेल उगाच बसलं, आणि मी बोललो ते बरोबर होतं, असं ठरलं असतं. मला तेवढंच हवं होतं. कड्याचं मन मला जाळीवरून कळलं होतं. तूच शिकवलं होतंस.

साहेबाकडे उद्या जातोय. तुझं नाव मी खोटं घेतलं, हे लेखी देईन. त्या बाईंकडेही जाईन, त्यांनी दारातून हाकललं तरी जाईन. पण ठमीला तोंडाने सांगायला मला जमत नाही. तीन दिवस आत जातो आणि पाणी हवं का विचारून बाहेर येतो.

आता मी आत जाऊन ही तिन्ही कार्डं तिच्या उशाजवळ ठेवणार आहे, पहिलं कार्ड वर राहील अशी. ती जागी होईल तेव्हा वाचेल. ठमी फाडेल, किंवा मला हाक मारेल, किंवा परत कधीच मारणार नाही. नर्सला सांगून ठेवलंय की तिने काही टाकायला दिलं तर खालच्या टपालपेटीत टाकावं. मी स्वतः टाकणार नाही.

तेव्हा दादा, हे तुझ्यापर्यंत पोचलं, तर ते तिनेच पाठवलं असं समज.

धाकटा